फ्रीमाँट ते रोड्स एंड: सेंट्रल व्हॅली ओलांडून एक ट्रेलहेड गाठताना

चार जण आणि एक गाडी. निघायचं सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या फ्रीमाँटहून, सप्टेंबरच्या मध्यावर, शुक्रवारी काम संपल्यावर. शनिवार ते मंगळवार असे चार दिवस हातात आहेत आणि करायचा आहे रे लेक्स लूप, म्हणजे किंग्ज कॅन्यन नॅशनल पार्कमधला सुमारे ४१ मैलांचा पायी फेरा. तो सुरू होतो आणि संपतो रोड्स एंडला. नावाप्रमाणेच तिथे हायवे १८० संपतो. परमिट शनिवारचं आहे आणि ते परमिट स्टेशनवर वेळेत पोहोचून हातात घ्यावं लागतं.

फोनवरचं ॲप सांगतं: सुमारे २५५ मैल, पाच तासांच्या आसपास. त्यावर बेतलेला पहिला आराखडा सरळ होता. दुपारी साडेतीनला निघायचं, साडेआठला रोड्स एंडच्या अलीकडच्या सीडर ग्रोव्ह कॅम्पग्राउंडवर पोहोचायचं, झोपायचं, सकाळी चालू लागायचं. हा आराखडा का टिकत नाही आणि त्याच्या जागी काय बसवलं, ते पुढे सगळं मांडलं आहे.

मुळात पाच तास हा आकडाच फसवा आहे. त्यात चार वेगळ्या स्वभावाचे तुकडे एकत्र शिवलेले आहेत: बे एरियातून बाहेर पडणं, सेंट्रल व्हॅलीचं खोरं आडवं कापणं, पायथा ते ग्रँट ग्रोव्ह (डोंगरावरची पार्कातली वस्ती) हा चढ आणि ग्रँट ग्रोव्ह ते रोड्स एंड ही कॅन्यनमधली उतरण. पहिल्या तुकड्याचा वेळ घड्याळावर ठरतो, दुसऱ्याचा बऱ्यापैकी मैलांवर, शेवटच्या दोघांचा वळणांवर आणि उजेडावर. पहिल्यात दीड तास वाया गेला तर नुसता उशीर होत नाही. शेवटचे दोन तुकडे अंधारात ढकलले जातात. म्हणून असा प्रवास उलटा आखायचा: ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, कधी उभं राहायचं ते आधी ठरवायचं आणि तिथून घराकडे मोजत यायचं.

आधी भिंतीची बाजू

रे लेक्सला दोन बाजूंनी जाता येतं. पश्चिमेकडून रोड्स एंड (५,०३५ फूट), पूर्वेकडून इंडिपेंडन्स गावावरचं अनियन व्हॅली (सुमारे ९,२०० फूट). नकाशावर दोन्ही इतके जवळ दिसतात की कुणीही फसावं. मधे सिएरा नेवाडाची मुख्य धार भिंतीसारखी उभी आहे आणि टायोगा खिंडीपासून दक्षिणेला थेट शर्मन खिंडीपर्यंत ती ओलांडणारा एकही गाडीरस्ता नाही. पायी वीस-बावीस मैलांत जे होतं त्यासाठी गाडीनं साडेतीनशे मैलांच्या घरात वळसा पडतो. एकीकडे गाडी लावून दुसरीकडे उतरायचा विचार असेल तर तो इथेच सोडावा, नाहीतर दुसऱ्या गाडीची सोय करावी.

अनियन व्हॅलीकडून चालणं कमी आहे, म्हणून तो पर्याय मोह घालतो. पण फ्रीमाँटहून तिथे जायचं म्हणजे हायवे ५८०, मँटीका, ओकडेल, मग हायवे १२० नं योसेमिटीतून टायोगा खिंड (९,९४३ फूट) आणि लीव्हायनिंगहून ३९५ नं दक्षिणेला शंभरावर मैल. तीनशेहून जास्त मैल, न थांबता सात तासांच्या आसपास. शुक्रवारी संध्याकाळी निघणारा फार तर ग्रोव्हलँडपर्यंत पोहोचतो. पुढे योसेमिटीच्या हद्दीत ऐनवेळी झोपायला जागा मिळेल अशी आशा धरू नये आणि काही वर्षी काही दिवसांना पार्कात शिरायलाच आरक्षण लागलेलं आहे. शनिवारचा अर्धा दिवस गाडीतच जातो. वर, समुद्रसपाटीला राहणारा माणूस पहिल्याच दिवशी ११,७६० फुटांच्या किअरसार्ज खिंडीवर चढतो. डोकेदुखी आणि मळमळ तिथे अनेकांना गाठते. शिवाय परमिटही वेगळं, इन्यो नॅशनल फॉरेस्टचं.

आणि टायोगाचा भरवसा ऋतूवर. २०२३ साली तो रस्ता २२ जुलैला उघडला, इतका उशीर त्याआधी कधी झाला नव्हता. सप्टेंबरात तो बहुधा उघडा असतो, पण पहिल्या हिमवादळाला तात्पुरता बंदही होतो.

रोड्स एंडकडून पहिला दिवस पॅराडाइज व्हॅलीकडे हळूहळू चढत जातो आणि ११,९७८ फुटांची ग्लेन खिंड येईपर्यंत शरीराला दोन रात्री मिळतात. चालणं जास्त, पण गाडीचा हिशोब जमतो. बाजू पश्चिमेची ठरली.

बाहेर पडायची दोन दारं

बे एरियातून खोऱ्यात उतरायला या प्रवासासाठी दोनच खरी दारं आहेत. उत्तरेचं आल्टामाँट, म्हणजे ६८० नं सुनोलवरून ५८०. दक्षिणेचं पाचेको, म्हणजे १०१ नं गिलरॉय आणि तिथून १५२. फ्रीमाँट दोघांच्या मधोमध असल्यानं दर वेळी वाद होतो. मैलांत फरक थोडा आहे. फरक पडतो तो गर्दीच्या स्वभावात.

शुक्रवारी दुपारी दोननंतर दोन्ही दारं एकाच वेळी, एकाच दिशेनं तुंबतात, कारण ट्रेसी-मँटीकाला राहणारे उत्तरेनं घरी जातात आणि मॉर्गन हिल, गिलरॉय, लॉस बॅनोसला राहणारे दक्षिणेनं. तेव्हा साडेतीनला निघून "कुठलं दार बरं" हा प्रश्न निरर्थक आहे. दोन्हीकडे तासभर जास्त धरा.

दाराची निवड करताना एक गोष्ट ॲपच्या लाल-पिवळ्या रेघांत दिसत नाही. ५८० तुंबला तरी तो अनेक लेनचा फ्रीवे आहे, रांग हळूहळू का होईना सरकते. १५२ चा गिलरॉय ते १५६ चा फाटा हा तुकडा मात्र दोन्ही दिशांना एकेक लेनचा, वळणाचा आणि ट्रकांनी भरलेला आहे. तिथे एक अपघात झाला की रस्ता पूर्ण थांबतो. म्हणून नियम असा ठेवला: निघण्याच्या क्षणी दोन्ही दारांत वीस मिनिटांहून कमी फरक असेल आणि १५२ वर अपघाताची खूण असेल तर उत्तरेचं दार. नाहीतर दक्षिणेचं. उत्तरेनं गेलं तर ९९ वर जाऊन मोडेस्टो, मर्सिडच्या गर्दीतून फ्रेस्नो गाठायची गरज नाही. ५८० तसाच धरला की ट्रेसीच्या दक्षिणेला तो आय-५ ला मिळतो. तिथून सांता नेलापर्यंत खाली येऊन १५२ पूर्वेला पकडायचा. पाचेकोचा अवघड भाग टळतो आणि दोन्ही वाटा पुढे एकच होतात.

रविवारी परतताना हेच चित्र उलटं दिसतं. दुपारनंतर १५२ पश्चिमेकडे भरतो. या प्रकरणात परतणं मंगळवारी आहे, आणि संध्याकाळी सॅन होजेकडे जाणारा १०१ घरी परतणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेचा, म्हणून तो काळजीतून वगळला.

खोरं

सान वाकीन खोरं सपाट आणि सरळ आहे, त्यामुळे इथे वेळेचा अंदाज बराचसा खरा उतरतो. तरी चार-दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सान लुईस जलाशयापाशी आडवा वारा जोरात असतो. टपावर सामानाची पेटी असेल तर तिचे कुलूप-पट्टे आधीच तपासा आणि वेग उतरवा. लॉस बॅनोसमध्ये १५२ गावातून, सिग्नलांमधून जातो, त्याची दहा-पंधरा मिनिटं धरा. त्यापुढे ९९ पर्यंतचा १५२ फ्रीवेसारखा वाटतो, पण शेतांतले रस्ते त्याला थेट येऊन मिळतात. सप्टेंबर म्हणजे टोमॅटो आणि बदामाच्या काढणीचा काळ. जोड-ट्रेलरचे टोमॅटोचे ट्रक वळणावर माल सांडतात आणि सांडलेला टोमॅटो चाकाखाली साबणासारखा होतो. बदामाच्या बागांमधून उठलेली धूळ समोरचे दिवे पुसट करते.

ॲप इथे एक हमखास खोडी करतं. ९९ वर पाच मिनिटं वाचतात म्हणून शेतातल्या रस्त्यांवर उतरवतं. त्या रस्त्यांच्या अनेक चौकांत थांबायची पाटी फक्त दोन बाजूंना असते. आडव्या रस्त्यावरची गाडी ५५ मैलांच्या वेगानं न थांबता येते आणि रात्री मक्याआडून ती दिसतही नाही. पाच मिनिटांसाठी हा सौदा करू नये. चाउचिला-मदेराच्या पट्ट्यात ९९ सोडायचा नाही, असं चालकाला आधीच सांगून ठेवलं.

रात्रीचा मुक्काम फ्रेस्नोतच. गाडी आल्या आल्या ९९ लगत दिसेल त्या मोटेलात नाही, तर शहराच्या पूर्व कडेला, १८० पासून पाच मिनिटांच्या आत. सकाळी शहर ओलांडायचं उरलं नाही की झोपेची वीस मिनिटं वाढतात.

शेवटचे नव्वद मैल

खरी योजना इथे लागते.

फ्रेस्नो समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० फुटांवर आहे. १८० पूर्वेला निघतो, मिंकलरपर्यंत सपाट जातो, मग चढू लागतो. योकट्स व्हॅली हे गाव लागतं (त्याचं नाव अलीकडेच बदललंय, जुन्या नकाशांवर आणि काही फोनांवर वेगळं नाव सापडेल, गोंधळू नका), मग डनलॅपचा फाटा, मग बिग स्टंपचं प्रवेशद्वार आणि ग्रँट ग्रोव्ह, सुमारे ६,६०० फूट. हे साधारण ५५ ते ६० मैल. ग्रँट ग्रोव्हच्या पुढे रस्ता चेरी गॅपवरून कॅन्यनमध्ये कोसळतो, सुमारे ३,००० फुटांपर्यंत खाली नदीला लागतो आणि पुन्हा नदीकाठानं चढत ५,०३५ फुटांवर संपतो. हा तुकडा ३५ मैलांच्या आसपास.

बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट ही: डोंगरात जाताना आपण आधी ट्रेलहेडपेक्षाही वर चढतो, मग खोल उतरतो. म्हणजे परतीचा प्रवास उताराचा नसतो. नदीपासून ग्रँट ग्रोव्हपर्यंत साडेतीन हजार फुटांहून जास्त चढ थकलेल्या मंगळवारी उरलेला असतो.

यातून पहिला हिशोब इंधनाचा. किंग्ज कॅन्यन आणि त्याला लागून असलेलं सेक्वॉया, या दोन्ही नॅशनल पार्कांच्या हद्दीत पेट्रोल पंप नाही. ह्यूम लेकला आणि उन्हाळ्यात स्टोनी क्रीकला मिळतं, पण दोन्ही आडवाटेला. फ्रेस्नोच्या पूर्व कडेपासून रोड्स एंड आणि परत म्हणजे सुमारे १८० मैल, त्यात एकूण बारा हजार फुटांवर चढ. सपाटीवर गॅलनला ३० मैल देणारी गाडी इथे चार माणसं आणि सामान घेऊन २३-२४ देईल असं धरा, म्हणजे आठ गॅलन. टाकी फ्रेस्नोत गळ्यापर्यंत भरली की विषय संपला. शुक्रवारी रात्रीच भरा. पहाटे साडेपाचला पंप शोधत फिरायला लागलं की दहा मिनिटांची वीस होतात.

विजेच्या गाडीचा हिशोब जरा बारकाईनं करावा लागतो. सामानासह दोन टनांची गाडी १,००० मीटर वर न्यायला साडेपाच युनिट ऊर्जा नुसत्या उंचीसाठी लागते, तूट धरून सहा. जाताना फ्रेस्नो ते चेरी गॅप सुमारे २,००० मीटर आणि नदीपासून रोड्स एंडपर्यंत सुमारे ६००. येताना नदी ते चेरी गॅप जवळपास १,२००. एकूण ३,८०० मीटर, म्हणजे बावीस-तेवीस युनिट. उतारावर त्यातली साठेक टक्के परत येते, सगळी नाही. सपाटीवर मैलाला ०.२८ युनिट धरले तर १८० मैलांचे पन्नास. सगळं मिळून साठच्या आसपास. ७५ युनिटांची बॅटरी फ्रेस्नोतून पूर्ण भरून निघाली तर परत येते, पण गाठीला फारसं काही न ठेवता. चार दिवस पार्किंगमध्ये उभ्या गाडीचे कॅमेरे चालू राहिले तर तो गाठीचा भागही जातो. ते बंद करूनच निघायचं. आणि वर कुठेतरी चार्जर मिळेल हे योजनेत धरायचं नाही.

दुसरा हिशोब ब्रेकचा. चेरी गॅप ते नदी ही लांब, सलग उतरण आहे. पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याच्या गाडीत पंधरा मिनिटांनी जळका वास येतो, त्यानंतर पेडल मऊ लागतं. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना. ऑटोमॅटिकला L, किंवा हातानं गिअर बदलायची सोय असेल तर दुसरा-तिसरा. हायब्रिडला B. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, जोरात आणि थोडा वेळ, मग पूर्ण सोडायचा. वास आलाच तर टर्नआउटमध्ये (रस्त्याकडेला बाजू द्यायला ठेवलेल्या रुंद जागेत) थांबून वीस मिनिटं थंड होऊ द्या. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क तडकते किंवा वाकते.

टर्नआउटचा विषय निघालाच आहे तर: कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार दुपदरी रस्त्यावर आपण वाहतुकीपेक्षा हळू असू आणि मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या असतील, तर पुढच्या टर्नआउटला बाजूला व्हायचंच. कॅन्यनमध्ये रोज ये-जा करणारे लोक मागे चिकटले की नवखा चालक घाबरून वेग वाढवतो. वेग वाढवायचा नाही, बाजू द्यायची.

तिसरा हिशोब उजेडाचा. या दिवसांत फ्रेस्नोला सूर्य पावणेसातच्या थोडा आधी उगवतो. १८० सरळ पूर्वेला जातो. साडेसहाला निघणाऱ्याच्या डोळ्यांत मिंकलरपर्यंत थेट सूर्य असतो आणि काचेवर आदल्या रात्रीचे किडे चिकटलेले असतील तर समोरचं काहीच दिसत नाही. साडेपाचला निघालं की सपाट भाग अंधारात, हेडलाइटवर निघून जातो आणि वळणं सुरू होईपर्यंत फटफटतं. फक्त पायथ्याच्या टेकड्यांत हरणं याच वेळी रस्त्यावर येतात, तेव्हा तिथे ४५ च्या आत. रात्री अकरा वाजता कॅन्यन उतरण्यापेक्षा हे केव्हाही बरं. कॅन्यनच्या भिंतीतून सुटलेले दगड रस्त्यावर पडलेले असतात. दिवसा ते चुकवता येतात, रात्री वळणावर दिसेपर्यंत चाकाखाली येतात. आजच्या बऱ्याच गाड्यांत जादा चाक नसतं, नुसतं फेसाचं किट असतं. टायरची बाजू फाटली तर त्या किटचा काही उपयोग नाही. जादा चाक आहे का, त्यात हवा आहे का, ते घरीच बघावं.

पहिला आराखडा मोडला तो इथेच. साडेतीनला निघून खरा हिशोब मांडला तर गिलरॉय सव्वापाचला, जेवणासह फ्रेस्नो सव्वाआठला, ग्रँट ग्रोव्ह पावणेदहाच्या सुमारास, रोड्स एंड अकराला. चालक सकाळपासून जागा.

ॲपला काय सांगावं

डनलॅपच्या वर फोनची रेंज तुटक होते, कॅन्यनमध्ये नसतेच. म्हणून नकाशाचा तुकडा घरीच उतरवून ठेवायचा आणि कागदावर पाच ओळी लिहायच्या: १०१, १५२, ९९ दक्षिण, १८० पूर्व, रस्ता संपेपर्यंत. प्रत्यक्षात एवढंच आहे. तिठा फक्त ग्रँट ग्रोव्हच्या अलीकडे लागतो: उजवीकडे जनरल्स हायवे सेक्वॉयाकडे जातो, आपण डावीकडे.

ॲपमध्ये टाकायचं ठिकाण 'रोड्स एंड परमिट स्टेशन' असं, अगदी नेमकं. 'किंग्ज कॅन्यन नॅशनल पार्क' टाकलं तर पार्कमधल्या कुठल्याही खुणेवर नेऊन सोडेल. 'रे लेक्स' टाकलं तर आणखी वाईट: तिथे रस्ता नसल्यानं ॲप जवळात जवळचा गाडीरस्ता शोधतं आणि तो भिंतीच्या पूर्वेला निघू शकतो. ॲपनं दाखवलेला एकूण आकडा २५५ मैलांऐवजी तीनशेच्या पुढे दिसला तर हेच झालंय असं समजावं. या पार्कांचं प्रशासनही पर्यटकांना जीपीएसवर विसंबू नका असंच सांगतं.

ठरलेलं वेळापत्रक

शुक्रवारी जेवून पावणेआठला निघणे. तोवर दोन्ही दारं मोकळी होत येतात. सव्वानऊच्या आसपास सांता नेला, चालकाची अदलाबदल. पावणेअकरा फ्रेस्नो, टाकी भरणे, काच पुसणे, झोप. झोप सहा तास धरली आहे. त्याहून कमी होणार असेल तर शनिवारी तास उशिरा निघायचं आणि सूर्य सोसायचा.

शनिवारी साडेपाचला निघणे, पावणेसात ग्रँट ग्रोव्ह, दहा मिनिटं थांबा, आठ रोड्स एंड. परमिट आणि अस्वलापासून अन्न राखायचे डबे, मग साडेनऊपर्यंत पायवाटेवर. आठ आणि साडेनऊच्या मधला वेळ मुद्दाम मोठा ठेवलाय. परमिटच्या रांगेला अर्धा तास आणि गाडी रिकामी करायला अर्धा तास सहज जातो. गाडीतून टूथपेस्ट, सनस्क्रीन, च्युइंगगमचा कागद, लहान मुलाच्या सीटमधले बिस्किटाचे तुकडे, वासाचं सगळं काढून पार्किंगमधल्या लोखंडी पेटीत ठेवायचं असतं. काच फोडायला अस्वलाला यातलं काहीही पुरतं.

शेजारच्या सेक्वॉया पार्कात, मिनरल किंगला, अस्वलाबरोबर मार्मटांचाही (खारीच्या कुळातले मोठे प्राणी) त्रास आहे. वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते गाडीखाली शिरून रबरी नळ्या आणि वायरी कुरतडतात, म्हणून लोक ताडपत्री अंथरून तिच्यावर गाडी चढवतात आणि कडा वर गुंडाळून बांधतात. रोड्स एंडला याची गरज नाही. पण हाच आराखडा उचलून मिनरल किंगला लावणाऱ्यानं एवढं लक्षात घ्यावं, आणि हेही की थ्री रिव्हर्सहून तिथला २५ मैलांचा अरुंद रस्ता दीड तास खातो. कैसर खिंडीवरून फ्लोरेन्स लेकला जाणारा, दोन्ही दिशांना मिळून एकाच लेनचा रस्ताही तसाच. मैल वीसच्या घरात, वेळ तासाच्या पुढे. ट्रेलहेडच्या अलीकडच्या वीस मैलांना बाकीच्या प्रवासाचा सरासरी वेग कधीच लावू नये.

काय बिघडू शकतं

रोड्स एंडला आत जायला आणि बाहेर यायला रस्ता एकच. २०१५ च्या उन्हाळ्यात रफ फायरनं दीड लाख एकरांवर रान जाळलं, तेव्हा १८० बंद झाला आणि सीडर ग्रोव्ह रिकामं करावं लागलं. ५ सप्टेंबर २०२० ला क्रीक फायरनं मॅमथ पूल जलाशयाचा रस्ता कापला आणि अडकलेल्या दोनशेहून अधिक लोकांना नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरांनी उचलून आणलं. सप्टेंबर हा वणव्यांचा ऐन हंगाम आहे. म्हणून निघण्याच्या दिवशी दुपारी तीन गोष्टी बघायच्या: कॅलट्रान्सच्या (राज्याच्या रस्ते विभागाच्या) क्विकमॅप या ऑनलाइन नकाशावर १८० ची स्थिती, पार्कच्या पानावरचे रस्त्यांचे इशारे आणि आसपासच्या सक्रिय वणव्यांचा नकाशा. कॅन्यनच्या पश्चिमेला, म्हणजे बाहेर पडायच्या बाजूला नवा वणवा दिसला तर जायचं नाही. परमिट हातचं गेलं तरी. पूर्वेला, लांब असेल तर तेव्हा धुराचा विचार करायचा.

हीच वाट हिवाळ्यात धरणाऱ्याचं गणित वेगळं. ह्यूम लेकच्या फाट्यापुढचा १८० साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत बंद असतो, त्यामुळे मजल ग्रँट ग्रोव्ह किंवा ह्यूम लेकपर्यंतच. चाकांच्या साखळ्या जवळ हव्यात. R2 (साखळ्यांच्या सक्तीचा दुसरा टप्पा) लागला की चारही चाकांना ताकद आणि चारही स्नो टायर असलेली गाडीच साखळ्या न चढवता जाऊ शकते, तीही साखळ्या डिकीत असतील तर. पण डोंगरातल्या बर्फापेक्षा खोऱ्यातलं टुले धुकं जास्त घातक. पाऊस पडून गेल्यावर, निरभ्र, वारा नसलेल्या रात्री ओल्या जमिनीवर ते साचतं आणि पहाटे दाट होतं. ३ नोव्हेंबर २००७ ला फ्रेस्नोजवळ ९९ वर या धुक्यात शंभरावर गाड्या एकमेकींवर आदळल्या, दोन जण मेले. तेव्हा पहाटे साडेपाचला निघायचा हा सगळा सल्ला हिवाळ्यात उलटा करावा: धुकं फाटेपर्यंत, दहा-अकरापर्यंत, खोऱ्यातून हलू नये. निघावंच लागलं तर दिवे लो बीमवर, हाय बीम धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. आणि दिसत नाही म्हणून लेनमध्ये थांबणं सगळ्यात वाईट. एक्झिट घेऊन रस्त्यापासून पूर्ण दूर जायचं.

किल्लीचंही ठरवून ठेवलं. एक किल्ली चालकाच्या पिशवीत, दुसरी दुसऱ्या चालकाकडे. चार दिवसांत गट फुटला, कुणी पाय मुरगळून आधी परतलं, तर त्याला गाडी उघडता यायला हवी. बिनकिल्लीच्या गाडीच्या रिमोटला एक नवा बटण-सेल सोबत. गाडीत मागे दहा लिटर पाणी, पण खाऊ काही नाही.

मंगळवारी रोड्स एंडहून दुपारी दोनपर्यंत निघालं तर सव्वाचारला फ्रेस्नो आणि साडेसात-आठला घर. रोड्स एंडहून निघायलाच चार वाजून गेले तर घरी जायचा हट्ट धरायचा नाही. चार दिवस चाललेला चालक, मावळतीचा सूर्य समोर घेऊन १८० उतरणार आणि त्यानंतर अंधारात पाचेको, असं ते ओझं होतं. फ्रेस्नोतली मंगळवार रात्रीची खोली शुक्रवारच्या खोलीबरोबरच आरक्षित केली. रे लेक्सहून ती रद्द करायला रेंज मिळणार नाही, हे धरूनच.